कठड्याचा बांबू

प्रताप नगर, नागपूर
८ एप्रिल १९७६

तीर्थस्वरूप केशवराव यांस विश्वनाथचा नमस्कार (डाव्या हाताने, कारण उजवा प्लास्टरमध्ये आहे).

आपली कंबर आता कशी आहे? वहिनींचा दमा? कुहीला सगळे खुशाल आहेत असं धरून पुढचं सांगतो, कारण इथे कोणी खुशाल नाही. अक्षर पाहून दचकू नका. मी सांगतो आहे आणि आपली बहीण लिहिते आहे. (दादा, यापुढे कंसातलं सगळं माझं. – नीला)

तर आपण मोठ्या कौतुकाने पाठवलेल्या बळीराम मिस्त्रीविषयी. घराला बाहेरून गिलावा करायचा, एवढंच काम. पण या गृहस्थाने दोन दिवस नुसती परांची बांधली. बांबू ठोकून बघ, दोर ओढून बघ, फळीवर स्वतः उड्या मारून बघ, आणि मग कुठे बायकोला, प्रेमिलाला, घमेलं घेऊन वर येऊ दे. मी बावीस वर्षं कचेरीत काढली, पण खुर्ची हलवून बघून कधी बसलो नाही. (दोनदा पडले आहेत.) बरं, हे झाल्यावर बाहेरच्या बाजूने कमरेइतक्या उंचीवर आणखी एक आडवा बांबू! त्यावर ना फळी, ना वजन. मी विचारलं, हा कशाला? तर मलाच शिकवतो, "साहेब, हा वजनासाठी नाही जी. माणूस मांगं सरते, त्याले अडवाले पाह्यजे."

पाडव्याला मिस्त्रीची सुट्टी होती. संध्याकाळी मी तपासणीसाठी वर चढलो. (मिस्त्रीने हात जोडून नको म्हटलं होतं.) जवळून कोणताही गिलावा बरा दिसतो, म्हणून दोन पावलं मागे सरलो आणि टेकायला हात मागे नेला. तिथे बांबूच नव्हता! खाली वाळूचा ढीग होता म्हणून आज हे पत्र तरी सांगतो आहे.

मी काय गप्प बसतो? भेटायला येईल त्याला सांगितलं, की या मिस्त्रीने कठडाच ठेवला नाही. शेजारचे गिरिधरराव त्याला आपल्या घराचं काम देणार होते, त्यांनी ते दिलं नाही. आता पुऱ्या प्रताप नगरात त्याला कोणी काम देईना. आणि या माणसाचा ताठा बघा. परांची सोडली आणि कुहीला निघून गेला. माझी अर्धी भिंत तशीच उघडी! आपण त्याला चांगलं खडसवा, ही विनंती.

आपला,
विश्वनाथ

ता. क. – नीलाने पेन खाली ठेवलं होतं. खरं सांगितल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही म्हणते. नाइलाजाने सांगतो. नव्या घराची पहिली गुढी. बाजारातून आणलेली काठी आखूड निघाली. परांचीवर एक सरळसोट बांबू काहीही काम न करता दिसत होता. सकाळी तो मीच सोडला. मग श्रीखंड, मग झोप. वाळूत पडून वर पाहिलं तेव्हा गुढी दिसली, आणि आठवलं. (आणि तरीही आठ दिवस लोकांना मिस्त्रीचीच चूक सांगत राहिले.)

ता. क. २ – गिरिधररावांना आज मी स्वतः सगळं सांगून येतो. (मी सोबत जाते आहे.) कुहीला निघण्याआधी प्रेमिला मला बघायला आली होती. रागावली असती तर बरं झालं असतं. उशाशी उभी राहून म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी पडले नसते त सकाळी मी पडली असती. घमेलं डोक्यावर राह्यते, मांगचं दिसत नाही." मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

(दादा, उशी ओली होती. मिस्त्रीला आणि प्रेमिलाला घेऊनच ये. – नीला)