व्हॉल्व्हजवळचा फळा

४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आशीर्वाद.

फोनवर माझं निम्मं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. तुमच्या केंद्रात शुद्ध केलेलं पाणी परवा शेतात आलं. शहराचं सांडपाणी म्हणजे काळंशार असणार, म्हणून बघायला बांधावर गर्दी. निम्म्यांनी नाकाला रुमाल लावलेले. आलं ते नितळ. रुमाल खिशात गेले, टोमणे मात्र चालू आहेत. विहीर आटल्यापासून पडीक असलेलं वरचं रान भिजलं, तेव्हा मी चपला काढून चिखलात उभा राहिलो. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, म्हातारपणी पोर झालाय.

खाली जनावरांसाठी मका आणि वर काकडी लावली आहे. पाण्याचा भरवसा काय, असं लोक विचारतात. मी सांगतो, तिथल्या प्रयोगशाळेत आमची सून बसते. तेवढ्यावर आणखी दहा जणांनी जोडण्या घेतल्या.

तुझ्यावर जीव आहे तसाच आहे. उत्तर मात्र हवं.

तुझा सासरा

२२ मार्च

ती. मामंजींस, शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, लिहून दे. देते आहे. आमच्याकडून सुटण्याआधी पाणी शेवटी जंतू मारणाऱ्या दिव्यांखालून जातं. आठांपैकी पाच दिवे बंद आहेत. परवाच्या नमुन्यात जंतू मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. पुन्हा तपासलं, तेच. पाणी दिसतं नितळच, खरी भीती तीच आहे. मका इतक्यात कापायचा नाही, त्याची तितकी चिंता नाही. काकडी लोक कच्ची खातात. ती बाजारात नेऊ नका.

साहेबांना लेखी कळवलं. त्यांचं म्हणणं, आठवड्यात दिवे येतील, तोवर गाजावाजा नको, मुश्किलीनं तयार झालेले शेतकरी पळतील. पाणी बंद करायचा अधिकार मला नाही, शेतकऱ्यांना कळवायचाही नाही. सासऱ्यांना पत्र लिहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. कुणाला दाखवायचं असेल तर मागच्या बाजूला पूर्ण नावाची सही केली आहे. तुमचे चिरंजीव म्हणतात, नोकरी गेली तर मी दोन्ही वेळचा स्वयंपाक करीन. नोकरीपेक्षा मला त्याचीच धास्ती.

या बातमीनंतरही माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची सून

२७ मार्च

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी काकडीचा पहिला तोडा होता. खोटं कशाला सांगू, सकाळभर ते खिशात घालून मी नुसता हिंडलो. वाटलं, धुऊन विकली तर कुणाला कळतंय? आणि सांगितलं तर पाणी कायमचं बंद होईल, रान पुन्हा पडीक. तुझ्या सासूबाईंनी पत्र खिशातून काढून वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "पोरीनं नोकरी पणाला लावलीय, आणि तुम्ही विचार कसला करताय?" आमचा व्हॉल्व्ह त्यांनीच जाऊन बंद केला. मग दोघांनी वेल उपटले आणि काकड्यांसकट पुरून टाकले.

संध्याकाळी दहाही जणांना बोलावून पत्र वाचून दाखवलं. सही वाचली नाही, पण लिहिणारी कोण ते सगळ्यांना कळलं. एक जण पाइप तोडायला निघाला, त्याला मी आडवा झालो. म्हटलं, यंत्र आहे, बिघडणारच. आपल्याला कळवलं नाही, भांडण त्याचं आहे. सोमवारी सगळे तुमच्या ऑफिसात येतोय. तू त्या दिवशी सुट्टी घेतलीस तरी चालेल.

आशीर्वाद पाठीशी आहेत, आणि माणसंही.

तुझा सासरा

२ एप्रिल

ती. मामंजींस, शि. सा. न. वि. वि.

सुट्टी घेतली नाही. तुम्ही यायच्या आधीच साहेबांनी विचारलं होतं, पत्र तुमचं का. मी हो म्हटलं. तासाभरात माझी रवानगी गोदामात झाली. तुम्ही सगळे आत होता तेव्हा मी भिंतीपलीकडेच होते, आणि सासूबाईंचा आवाज भिंतीला थोडाच अडतो! असले आकडे साध्या माणसाला कळत नाहीत, असं साहेब समजावत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "कळत नाही ते शिकू. लपवलेलं कसं शिकायचं?"

तुम्ही गेल्यावर साहेब गोदामात आले आणि खरं काय ते बोलले. नवे दिवे त्यांनीही चार महिन्यांपूर्वी मागितले होते, पण वरून उत्तर आलं नाही आणि ते गप्प बसले. आता दिवे आले आहेत आणि मीही प्रयोगशाळेत परत आले. मला दिलेली लेखी ताकीद कागदावर तशीच राहिली, राहू दे. तुम्ही सोमवारी मागितलंत त्याप्रमाणे पाण्याच्या तपासणीचा निकाल रोज सकाळी मी फोनवर कळवीन. सगळ्यांना दिसेल असा एक फळा तुमच्या व्हॉल्व्हजवळ लावा आणि त्यावर तो सासूबाईंनीच लिहावा, अशी माझी अट.

रागावायचा हक्क तुम्हा दोघांचा, तो सोडू नका.

तुमची सून

२८ मे

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आशीर्वाद.

मंगळवारी तुझा फोन आला आणि तुझ्या सासूबाईंनी लाल खडूनं लिहिलं, आज पाणी घेऊ नका. मी सगळ्यांना सांगायला धावलो, तर फळा वाचून दहाही व्हॉल्व्ह आधीच बंद. कुणी कुणाला विचारत बसलं नव्हतं. चार दिवस नव्या मक्यानं माना टाकल्या, आम्हीही टाकल्या. पाचव्या दिवशी 'ठीक' लिहिलं तेव्हा अकरा रानांत पाणी सुटलं.

काल पलीकडच्या शिवारातले सहा जण जोडणी मागायला आले. मी चकित. म्हटलं, चांगला निकाल बघून यायचं सोडून वाईट निकालानंतर कसे आलात? त्यांच्यातला थोरला म्हणाला, "वाईट होतं ते तुम्ही लिहिलंत. ते वाचलं म्हणून आलो."

जसं असेल तसं कळवत जा, पोरी.

तुझा सासरा