टोपलीतल्या चिठ्ठ्या

॥ श्री ॥

सक्करदरा, नागपूर
१२ डिसेंबर १९७८

आदरणीय कृष्णकांत साहेबांस,

रुपराव गावंडे याचा नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. थंडीमुळे सुभद्राचा गुडघा दुखतो, एवढेच. बाईंना माझा नमस्कार सांगावा. त्यांनी डोंगरात जाताना दिलेली घोंगडी अजून अंगावर घेतो.

पत्र पेन्सिलीने लिहितो आहे, राग नसावा. बाटलीतल्या चिठ्ठीवरची शाई स्पिरिटमध्ये उतरते, पेन्सिल उतरत नाही, हे आपणच मला पहिल्या दिवशी शिकवले होते.

रविवारी आपल्या एकसष्टीचा सत्कार आहे. समितीचे मनोहरराव घरी आले होते. म्हणाले, "गौरवग्रंथासाठी एक आठवण लिहून द्या जी. चौदा वर्सं तुमी साहेबांसंग मेळघाटात कोळी धरले." कव्हरवर जाळ्यासकट आपले दोन्ही कोळी छापले आहेत, असेही ते म्हणाले. मोठा, ज्याला आपण वडिलांचे नाव दिलेत. आणि लहान, ज्याला पुढच्या वर्षी माझे दिलेत. एकाच दरीत दोन नव्या जाती सापडल्या, म्हणून विलायतेपर्यंत आपले नाव झाले.

आठवण मी लिहिली. मनोहररावांना मात्र दिली नाही.

आठवण अशी. चिखलदऱ्याच्या खालच्या दरीत, बांबूच्या बेटात, आश्विनातली सकाळ. जाळ्याच्या मध्यावर ती बसली होती, सुपारीएवढी. कडेला तो, मुगाच्या दाण्याएवढा. एका पायाने धागा हळूच छेडायचा, थांबायचा, पुन्हा छेडायचा. मी तासभर पाहिले आणि आपल्याकडे येऊन बोललो, "साहेब, हे नवरा-बायको आहेत जी."

आपण हसलात. "रुपराव, तुमचं काम चिठ्ठ्या लावायचं आहे, लग्नं लावायचं नाही." जीपचा ड्रायव्हरही हसला.

तिची अंड्यांची पिशवी मी घरी आणली होती. तिचे पुढे काय झाले ते तूर्त राहू द्या.

बहात्तर साली कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी दाखवून दिले, की आपला आणखी एक 'डोंगरी' कोळी हा साधा बागेतला कोळी आहे. तेव्हा आपण छापील उत्तर दिलेत : 'अशिक्षित मदतनीसाच्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.' आणि मला काढलेत.

साहेब, मी सातवी पास आहे. अक्षर वाकडे आले तर आमचे गुरुजी बोटांवर रूळ मारत. आपले उत्तर छापून आले त्या दिवसापासून मी सकाळी एकशे आठ वेळा देवाचे नाव घेतो आणि माळ खाली ठेवताना एकदा आपला तो शब्द. अशिक्षित. देव मला क्षमा करो. सहा वर्षांत एकही दिवस चुकला नाही.

माझ्या मराठी चिठ्ठ्या बाटल्यांतून काढून आपण टाईप केलेल्या इंग्रजी घालत होतात. माझ्या टोपलीत जात. लिहिलेला कागद पायाखाली येऊ देऊ नये, त्यात सरस्वती असते, असे आम्हाला लहानपणी शिकवलेले. म्हणून रोज संध्याकाळी मी त्या टोपलीतून वेचल्या, कपाळाला लावल्या आणि पोथीच्या रुमालात बांधून ठेवल्या. सगळ्या आहेत. त्या बागेतल्या कोळ्याचीही आहे : 'सक्करदरा तलाव, जास्वंदीचे झुडूप.' त्यात डोंगर आपल्या टाईपरायटरने घातला.

आता त्या पिशवीचे. मी बरण्यांत पिल्ले वाढवली. माशा धरून घातल्या. कितीतरी मेली, कितीतरी एकमेकांनी खाल्ली. नऊ वाचली. पाच आईसारखी मोठी झाली, चार मुगाएवढीच राहिली. एका आईची लेकरे. आईबापांसकट सगळी एका बाटलीत घालून आपल्या टेबलावर आणून ठेवली. आपण बराच वेळ पाहिलेत. मग उठून दार लावलेत आणि म्हणालात, "लहान्या जातीला तुमचं नाव देतो, रुपराव. मेल्यावरही राहील. ही बाटली घरी न्या."

मी नेली.

आपण चूक केलीत आणि मी ती झाकली, माझ्या नावाच्या मोलाने. गावात पेढे वाटले. आई नव्वदीची होती, ती कोळ्याच्या छापील चित्राच्या पाया पडली. हे आजवर कोणाला सांगितले नव्हते.

बाटली देवघराखालच्या फळीवर होती. सुभद्रा ओरडायची, "देवापाशी दारू काहून ठेवली?"

"दारू नोहे वं, स्पिरिट हाये. आत बाई हाये, तिचा नवरा हाये अन् लेकरं हायेत."

"मंग तिले तिच्या घरी पाठवा ना!"

काल पाठवली. मनोहरराव गेले, तसा मी रामदासपेठेतल्या पोस्टात गेलो. बाटली, चिठ्ठ्या आणि ती आठवण, कलकत्त्याच्या त्याच तज्ज्ञांच्या नावाने रजिस्टर केली. दोन जाती नाहीत, एक आहे. साहेबांनी नवऱ्याला वेगळी जात ठरवले आणि कळल्यावरही तसेच छापले, असे स्वच्छ लिहिले आहे.

आधी छापलेले नाव टिकते, नंतरचे बुडते, हा नियम मला ठाऊक आहे. आपल्या वडिलांचे नाव राहील. राहावे, त्यांनी मला ओसरीवर बसवून पाणी विचारले होते. माझे जाईल. सुभद्रा म्हणाली, "हे तं आपलं नाक कापून दुसऱ्याले अपशकून झाला." मी म्हटले, "होय. पण नाक माझं हाये."

रविवारी हार गळ्यात पडतील तेव्हा कव्हरवरच्या त्या दोघांकडे एकदा पाहावे. आज सकाळी माळ ओढून झाल्यावर तो शब्द तोंडात आला नाही. आता तो आपल्याकडे पाठवतो आहे, खाली सहीत.

हे पत्र वाचून झाल्यावर टोपलीत टाकू नये. लिहिलेला कागद आहे.

आपला,
अशिक्षित मदतनीस
रुपराव