घोटभर पाणी

नझलत बुशरा, मल्लवीजवळ
१८ ऑक्टोबर १९८७

चि. बहिगा हिस,
इन्साफताईचे अ. उ. आ.

तुझा गुडघा प्लास्टरमध्ये आहे म्हणून तू काल आली नाहीस, ते बरंच झालं. आली असतीस तर अलेक्झांड्रियाहून एवढा प्रवास करून, बाकीच्यांसारखी सुतकाची कडू कॉफी पिऊन परत गेली असतीस. फहीमला जाऊन चाळीस दिवस झाले, पण त्या चाळिसाव्याची मिस्सा झालीच नाही.

नीट सांगते. चर्च भरलेलं. माझ्या दिराने, लबीबने, फहीमच्या ऑफिसातली माणसं कैरोहून आणली होती. वेदीसाठीचे पाव पहाटेच भाजून तयार. आपले पाद्री, अबुना सराबामून, यांनी धूप दाखवला, सगळं रीतसर. मग पांढरी वस्त्रं चढवायला पडद्याआड गेले आणि काळ्या झग्यातच परत आले. मिस्सेआधी पाद्री जमिनीला डोकं टेकून लोकांची क्षमा मागतात, तशी मागितली, पण उठेचनात. उठले ते म्हणाले की आज पहाटे अंगणातल्या माठापाशी तोंड धुताना माझ्या हातून नकळत पाणी पिऊन झालं, वस्त्रं हातात घेतली तेव्हा आठवलं; मध्यरात्रीपासूनचा उपास मोडलेल्या माणसाने वेदीपाशी उभं राहायचं नसतं, इन्साफबाई, मला क्षमा करा.

घोटभर पाणी गं! लबीब भर चर्चमध्ये ओरडला की अबुना, पिताना तुम्हाला कुणी पाहिलं होतं का? तर म्हणतात कसे, कुणीच नाही, म्हणून तर सांगावं लागतंय.

शेजारच्या गावी माणूस धाडला, तर तिथले पाद्री स्वतःच्या मिस्सेत. शेवटी मृतांसाठीची प्रार्थना तेवढी झाली आणि माणसं गाडीच्या वेळा बघत निघून गेली. आज रविवारी फहीमच्या नावाने मिस्सा करतो, असं अबुना म्हणाले होते. मी गेले नाही. सिस्टरांच्या शाळेत शिकल्यामुळे मला शिव्या येत नाहीत, पण जे येतं ते सगळं त्यांना कालच तोंडावर ऐकवलं.

लबीबने बिशपसाहेबांना अर्ज लिहिलाय, या माणसाला इथून हलवा म्हणून. त्यावर विधवेची सही असल्याशिवाय त्याला वजन नाही. तो पुढच्या महिन्यात परत येईल तेव्हा मी सही करणार आहे.

जिना चढू नकोस. मी भडकले आहे, पण तुझ्यावर नाही, तेव्हा लोभ होता तसाच राहू दे.

तुझी ताई,
इन्साफ

अलेक्झांड्रिया
२४ ऑक्टोबर १९८७

ती. ताईस,
बहिगाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले आणि मग, रागावू नकोस, हसलेही. तू अबुनांना काय काय ऐकवलं असशील ते मला पाठ आहे. लहानपणी तेच मला ऐकवायचीस, फक्त फ्रेंचमध्ये.

भावोजींचा चाळिसावा असा व्हायला नको होता. माझाही जीव तुटला. पण ताई, एक विचारू? आधीचे अबुना आठवतात ना? केवढा गोड गळा, केवढं भरघोस प्रवचन! उपास मोडला म्हणून म्हाताऱ्या बायकांना झाडायचे. आणि एक दिवस पाव भाजायच्या खोलीमागे तू त्यांना सिगारेट विझवून वेदीकडे जाताना पाहिलंस. तेव्हापासून तू मिस्सेला बसलीस, पण प्रभुभोजनाला कधी उठली नाहीस. ते बदलून गेले, हे आले, तरी नाही. म्हणायचीस की सगळे एकाच कापडाचे. पडद्यापुढे आणि पडद्यामागे सारखाच असलेला एक पाद्री दाखवा, मग उठते.

मी तुझ्याकडे यायचे तेव्हा बघायचे ना. भावोजी पुरुषांच्या बाजूने एकटे पुढे जायचे आणि जाताना हटकून बायकांच्या बाजूला तुझ्या बाकाकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. फक्त बघायचे.

आता तुला हवा तसा पाद्री मिळालाय, तर तूच त्याला घालवणार? सही तुझी आहे, मी धाकटी, मी कोण सांगणार. तरी सांगितलंच.

पाय धड असता तर तुझ्याकडे धाव घेतली असती. मला माफ करून लोभात ठेव.

तुझी,
बहिगा

नझलत बुशरा
८ नोव्हेंबर १९८७

चि. बहिगा हिस, अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा अर्धा दिवस राग आला. मग भूक लागली. मग भांडायला म्हणून अबुनांच्या घरी गेले.

दारात त्यांची बायको, तासूनी मारीना, भांडी सतरंजीत बांधत होती. लबीबने जायच्या आधीच गावभर सांगून ठेवलं होतं की हे आता जाणार. माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही बाईने. एवढंच विचारलं की कबुतरं नव्या जागी नेता येणार नाहीत, तुम्ही सांभाळाल का? बोलता बोलता पिंजरा माझ्या हातात! मी भांडायला गेलेली बाई, आत गेले ती कबुतरं घेऊन.

अबुना घराला लागूनच्या चर्चच्या अंगणातून माठ ओढत फाटकाकडे नेत होते, घामाघूम. पहाटे हाताशी नको, म्हणाले. मी सरळ विचारलं की कैरोचे साहेब लोक समोर होते म्हणून एवढा देखावा का? रिकामं चर्च असतं तर बोलला असतात? ते ओशाळले. म्हणाले, ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात एकदा असंच झालं होतं, तेव्हा चर्चमध्ये फक्त राखणदार आणि दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांनाही सांगितलं, म्हाताऱ्यांनी फैलावर घेतलं आणि घरी गेल्या. मी बाहेर पडून त्यातल्या एकीला गाठलंच. ती म्हणाली, हो तर, थंडीत उगाच उठवलं मेल्याने!

बहिगा, मी रस्त्यात उभी राहून हसले. फहीम गेल्यापासून पहिल्यांदा.

लबीब आला, कागद पुढे केला. मी म्हटलं, सही नाही, पण बिशपसाहेबांकडे तुझ्या गाडीतून येते. वाटभर वहिनी, वहिनी करून समजावत होता की खानदानाची अब्रू गेली, लोक हसतात. मी म्हटलं, लोक तुझ्या ओरडण्याला हसतात.

बिशपसाहेबांनी अर्ज वाचून मला विचारलं की तुमचं म्हणणं काय. मी म्हणाले, माझ्या नवऱ्याचा चाळिसावा बिघडला हे खरं, ते दुःख मला मरेपर्यंत राहील. पण जो माणूस घोटभर पाणी लपवू शकत नाही, त्याच्यापाशी मी माझी पापं बोलू शकते. त्याला हलवायचं असेल तर मलाही त्याच गावाला पाठवा, सामान थोडंच आहे. ते आधी हसले, मग डोळ्यांना रुमाल लावला. अर्ज लबीबच्या हातात परत दिला आणि म्हणाले, याच्यासारखे अजून चार मला आणून दे, मग याला हलवतो. लबीब रुसलाय. नाताळला कबुतरांत भात भरून जेवायला बोलावीन, येईल.

अबुनांची कबुतरं नव्हेत हं, ती तर पिंजऱ्यासकट तासूनीला परत नेऊन दिली. सतरंजी सोडायला मीच हात लावला.

काल अबुनांपाशी पापनिवेदन केलं. बराच वेळ लागला, साठलं होतं. आणि आज मिस्सा झाली, फहीमच्या नावाने. गर्दी नव्हती, पाव ताजे होते. अबुनांनी डोकं टेकून क्षमा मागितली, आणि मीही मनात मागितली. मग डोक्यावर रुमाल घेऊन उठले. बायका चक्क वळून बघत होत्या. पुढे जाताना मी पुरुषांच्या बाजूला, खांबाशेजारच्या फहीमच्या जागेकडे पाहिलं. बोलले काही नाही. फक्त पाहिलं.

प्रभुभोजनानंतर आपण घोटभर पाणी पितो ना, त्यासाठी आता फाटकापर्यंत चालावं लागतं. चालले. माठातलं पाणी फार गार होतं गं. देवाचे किती आभार मानू, आणि तुझे किती, तेच कळेना म्हणून घरी येऊन आधी हे पत्र लिहायला बसले.

प्लास्टर निघालं की ये. धाकटी असून अशीच बोलत राहा, आणि या म्हातारीवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई,
इन्साफ