हळदीचा डीजे आणि आमची खिडकी

शनिवार, ७ फेब्रुवारी. डोंबिवली

संध्याकाळपासून चैन नाही. समोरच्या म्हात्रेंकडे मुलीची हळद आहे. दुपारी ते स्वतः चपला काढून दारात उभे राहिले. "काकी, तुमच्या घरान दुखवटा हाय. बोला, डीजे बंद ठेवतू."

"एकुलती एक मुलगी तुमची. वाजवा," मी म्हटलं.

"काका असते तं खिडकी आपटली असती," ते हसून बोलले आणि लगेच जीभ चावली. मला मात्र बरं वाटलं. हे गेल्यापासून त्यांच्याबद्दल हसून कोणी बोललंच नव्हतं.

दर हळदीला हे ती खिडकी आपटायचे. "चाल नाही, शब्द नाहीत, नुसती धडधड! गाणी आपल्या वेळेला होती." मी म्हणायचे, "अहो, तुमच्या वडिलांनी तुमच्या गाण्यांना हीच नावं ठेवली होती." मग जेवणं होईपर्यंत वाद. खरं तर मलाही ती नवी गाणी आवडायची नाहीत. मग मी का भांडायचे? हे गप्प बसू नयेत म्हणून? की मलाच करमत नसे म्हणून?

आज एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत होते. अगदी वाईट होतं. खिडकी लावायला उठले, तर कडी बसेना. यांच्यासारखी आपटायला हवी होती, ते जमलं नाही. "याला काय गाणं म्हणतात?" मी मोठ्याने म्हटलं.

आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. नव्या गाण्यांची बाजू घेणारी या घरात मीच होते.