योशिमासाची चूक स्लाऊमध्ये नको

मी, धम्मशीला यादवराव रामटेके, वय त्र्याहत्तर, मूळची नागपूरची, हल्ली मुक्काम स्लाऊ, इंग्लंड, जपानच्या इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने जपानचे सगळे शोगन क्रमाने विचारावेत, चहा गाळता गाळता सांगेन. मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायचा प्रयत्न पुष्कळांनी केला, त्यांची नावं पुढे येतीलच. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन तरुण आहे, निर्धास्त आहे, आणि मीही काही लगेच निघालेली नाही. तरी घराचा निकाल लावल्याशिवाय त्या टेबलावर झोपायचं नाही, असं मी ठरवलं आहे. वकीलबाई वैभवी म्हणाल्या, "मॅडम, मराठीत लिहिलंत तरी चालेल, फक्त सर्टिफाइड ट्रान्सलेशन जोडावं लागेल. आणि प्लीज, थोडक्यात लिहा." भाषांतर त्या जोडतील. थोडक्यात लिहिणं मला नोकरीत जमलं नाही, आता कुठून जमणार?

कलम १. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम वैभवी यांनी करावं. त्यांची फी आधी द्यावी, मग बाकीचं.

कलम २. माझी जपानविषयीची सर्व पुस्तकं आश्लेषाला द्यावीत. ती जवळच्या रीडिंग गावी शाळेत इतिहास शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांत जुनी जपानी हस्तलिपी वाचायचा कंटाळा न आलेली ही एकटीच. मला ती अक्षरं नागपुरात एका जपानी भन्तेंनी गिरवायला लावली होती. मी पोर होते, ते दुपारी शिकवायचे आणि चुकलं की हसायचे. त्या हसण्यापायी मी लंडनला आले आणि जन्मभर शोगनांच्या मागे लागले. आश्लेषाने पुस्तकांवर नाव घालावं, काचेच्या कपाटात कोंडू नयेत.

कलम ३. माझ्या विभागातले एक जुने सहकारी पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, भारतीय बाईने जपान कशाला शिकवावा? त्यांची काळी छत्री माझ्याकडे राहिली आहे. ती त्यांना परत करावी. माझी पुस्तकं अजून वाचली जातात हेही कळवावं, पण सौजन्याने.

कलम ४. आमच्या यादवरावांनी या गावात बस चालवली आणि सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये कपाटं केली. त्यांची करवत, रंधे आणि पाने स्लाऊच्या मोहनरावांना द्यावेत. ड्रिल त्यांच्याकडेच आहे, कित्येक वर्षांपासून. तेही त्यांचंच समजावं, आम्ही मागायचं सोडून दिलं आहे.

कलम ५. विहाराच्या स्वयंपाकाचं मोठं पातेलं रीडिंगच्या यतीनना द्यावं. ते पातेलं ज्या मोठ्या शेगडीवर मावतं, ती मात्र मोहनरावांना द्यावी. यामागे कारण आहे.

आमच्या घरातली पुढची खोली म्हणजे विहार. दर रविवारी इथे वंदना होते, पोरांचा मराठीचा वर्ग भरतो, चौदा एप्रिलला चपला फुटपाथपर्यंत जातात. यंदा बुद्धपौर्णिमेला मात्र इथे दोन खिरी झाल्या. एक यतीन आणि रीडिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांची, एक मोहनराव आणि स्लाऊच्या जुन्या मंडळींची. यांची खीर त्यांनी खाल्ली नाही, त्यांची यांनी. मी दोन्ही खाल्ल्या आणि मला दोन्ही कडू लागल्या. भांडण खिरीचं नव्हतं, माझ्यानंतर हे घर आणि विहार कोणाचा, याचं होतं. तेव्हा यतीन आणि मोहनराव यांनी यापुढे एकाच जागी खीर शिजवावी. दुसरा मार्ग मी ठेवलेला नाही.

कलम ६. घर.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. शोगन म्हणजे जपानचा सेनापती. सम्राट नावाला, राज्य शोगनचं. साडेपाचशे वर्षांपूर्वी योशिमासा नावाचा शोगन होता. त्याला मुलगा नव्हता आणि राज्याचा कंटाळा आला होता. त्याचा धाकटा भाऊ योशिमी मठात भिक्खू होता. योशिमासाने त्याला आग्रहाने बाहेर काढलं, वारस केलं आणि वचन दिलं, उद्या मला मुलगा झालाच तर त्यालाच मठात धाडीन. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. आई मुलाच्या बाजूने, काका वचनावर अडून, दोन बडे सरदार दोन बाजूंच्या पाठीशी. क्योतोमध्ये पूर्वेची फौज आणि पश्चिमेची फौज समोरासमोर बसल्या. दशकभर लढाई चालली, शहर जळून गेलं, आणि शोगन बाग आखत बसला.

हा धडा मी दर वर्षी शिकवीत होते. आता घरी काय झालं ते पाहा. मला मूल नव्हतं. माझ्या भावाचा मुलगा इंद्रजित नागपूरला चीवर घेऊन भिक्खू व्हायच्या तयारीत होता. मीच त्याला म्हटलं, अरे, इथे ये, शिक, विहार चालव. तो आला. या खोलीचं उद्घाटन झालं त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, माझ्यामागे हे घर इंद्रजितचं, उद्या मला मूल झालं तरी शब्द बदलणार नाही. आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला अनुया झाली. यादवराव दवाखान्यातच हसत सुटले. म्हणाले, "धम्मशीले, तुझा शोगन घरी आला बघ."

इंद्रजितने अनुयाला खांद्यावर घेऊन वाढवलं. पुढे तो रीडिंगला नोकरीला लागला, रविवार मात्र कधी चुकवला नाही. अनुया इथेच वाढली. तिचं मराठी धडपडतं, पण पोरांचा वर्ग आज तीच चालवते आणि कौन्सिलशी भांडायला तिच्यासारखी कोणी नाही. दोघं भांडले नसते. भांडायला लावलं ते पाठीराख्यांनी. रीडिंगवाले म्हणाले, आत्यांनी शब्द दिलाय. स्लाऊवाले म्हणाले, पोटची मुलगी असताना भाचा कसा? रीडिंग आमच्या पश्चिमेला आहे, म्हणजे फौजांच्या दिशाही जुळल्या. बुद्धपौर्णिमेनंतर दोघांचं बोलणं थांबलं. एकाच खोलीत, एकाच गाथा म्हणायच्या आणि निघून जायचं. हे पाहून मला जे होत होतं, त्याला कुठल्या झडपेचा उपाय नाही.

मी सगळे पर्याय विचारात घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात का? जपानमध्ये तेही झालं आहे. एक शोगन वारस न नेमताच मरायला टेकला, तेव्हा देवळात चिठ्ठी काढून योशिनोरीला गादीवर बसवलं. तो असा जुलमी निघाला की एका सरदाराने त्याला नाटक पाहायला बोलावून ठार केलं. आळीपाळीने द्यावं का? सम्राटांच्या घराण्याच्या दोन शाखांनी तेही करून पाहिलं, अखेर दोन राजधान्या झाल्या. स्वतः निवृत्त व्हावं आणि मागून दोरी हलवत राहावं का? हे तर त्यांचं आवडतं काम. यादवराव म्हणायचे, तुझ्या शोगनांना बसमधून आपल्या थांब्यावर उतरायला कोणी शिकवलं नाही. म्हणून गेल्या रविवारपर्यंत हे कलम मी कोरं ठेवलं होतं.

कलम ६, आता भरलेलं. गेल्या रविवारी वंदना झाल्यावर वैभवी सगळ्यांना रीत समजावून सांगायला आल्या. म्हणाल्या, "दोन विटनेस लागतील. पण लक्षात ठेवा, इथल्या कायद्यात जो विटनेस म्हणून सही करतो, त्याला त्या विलमधून काही मिळत नाही. त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. म्हणून शेजाऱ्यांना बोलवा."

मागून अनुया उठली. "मी विटनेस होते."

मी म्हटलं, "अगं, ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या?"

"ऐकला. म्हणूनच तर. आई, तू दादाला आधी प्रॉमिस केला होता. त्याला दे घर."

यतीनचा चेहरा खुलला, मोहनरावांचा पडला. तेवढ्यात इंद्रजित दारापासून पुढे आला. "आत्या, दुसरा साक्षीदार मी. पेन द्या."

वैभवी गडबडल्या. "अहो, दोघांनी सही केली तर दोघांनाही काहीच मिळणार नाही!"

"दादा, डोन्ट बी सिली," अनुया म्हणाली. "मी करते ना साइन, तू कशाला?"

"तू बस खाली. शब्द मला दिला होता ना? मग तो सोडायचा हक्कही माझा."

"तू बस!"

चार-पाच महिन्यांनी त्यांनी एकमेकांशी बोललेली ही पहिली वाक्यं. घर कोणी सोडायचं यावरून दोघं हातघाईवर आले होते आणि मला रडू आवरेना. मोहनराव कधी नव्हे ते यतीनकडे वळून म्हणाले, "आता आपण काय करायचं हो?" यतीन म्हणाले, "चहा टाकू या."

तेव्हा मला यासुतोकी आठवला. योशिमासाच्याही दोनशे वर्षं आधीचा, शोगनच्या नावाने कारभार पाहणारा. त्याचे वडील वाटणी न करता अचानक गेले. सावत्र आईने आपल्या मुलासाठी कट केला, तो फसला. यासुतोकीने कारभार हाती घेतला, जमिनी भावंडांत वाटल्या आणि सगळ्यांत लहान वाटा स्वतःला ठेवला. त्या सावत्र भावाला त्याने शिक्षाही केली नाही. पुढे तोच भाऊ म्हातारपणी चांगला कारभारी झाला. यासुतोकीने आणखी एक रीत पाडली. प्रत्येक हुकमावर दोन सह्या, एक त्याची आणि एक काकांची. ती रीत शतकभर टिकली. लढाया रंगवून सांगायच्या नादात मी हा माणूस वर्गात पाच मिनिटांत उरकीत असे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच्याविषयी पुन्हा वाचावं.

म्हणून मी असं ठरवते. हे घर, मागची शेड आणि बाग यांसह, आमच्या विहाराच्या नोंदणीकृत संस्थेला द्यावं. बँकेतली शिल्लकही संस्थेलाच, पोरांच्या मराठी वर्गासाठी. संस्थेचे विश्वस्त म्हणून इंद्रजित आणि अनुया यांनी काम पाहावं, विनावेतन. दोघांच्या सह्या असल्याशिवाय कुठलाही निर्णय खरा मानू नये. वैभवींनी तपासून सांगितलं, हे कायद्यात बसतं.

माझ्या पाटल्या मी आज अनुयाच्या हातात घातल्या आणि यादवरावांचं घड्याळ इंद्रजितच्या मनगटावर बांधलं. जिवंतपणी हाताने दिलेल्या वस्तूला साक्षीदाराचा नियम लागत नाही. तेवढा कायदा मीही वाचला.

कलम ७. माझ्यामागे कर्मकांड करू नये. त्रिसरण, पंचशील म्हणावं, सगळ्यांना जेवू घालावं. गाथा पाठ नसतील त्यांनी ओठ हलवू नयेत, मला कळायचं.

हे सर्व मी वाचून, समजून, खुशीने लिहिलं आहे. सर्वांचं मंगल होवो. जय भीम.

सही: धम्मशीला यादवराव रामटेके
स्थळ: स्लाऊ, विहाराची खोली
दिनांक: रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार

१. आत्यांनी आम्हां दोघांच्या समक्ष वरील सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष खाली सह्या केल्या. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळणार नाही हे मला माहीत आहे.
इंद्रजित गजभिये, रीडिंग

२. मला पण माहीत आहे. आईने सही माझ्यासमोर केला. आई, ऑपरेशन झाल्यावर हा विल खूप खूप वर्ष ड्रॉवरमध्ये पडून राहू दे.
अनुया रामटेके, स्लाऊ