निळा हाफ शर्ट

८ फेब्रुवारी, गुरुवार
रक्त दिलं. पॅथॉलॉजीतला माणूस म्हणाला, "मूठ आवळा, सर." आवळली. शीर दडून बसली – प्रश्न विचारल्यावर मागचा बाक बसतो तशी.

९ फेब्रुवारी
पांढऱ्या पेशी तीन हजार आठशे. हव्यात चार हजारांच्या वर. दोनशे मार्कांनी नापास!
डॉक्टरीणबाई रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाल्या, "सोरायसिसवर ही गोळी चांगली, पण रक्तावर उठते. म्हणून तर दर महिन्याला तपासायचं. अजून खाली गेल्या तर बंद करू." मग नेहमीचं – तोंड आलं, ताप आला, तर त्याच दिवशी फोन करायचा.
मान डोलावली. बंद? आत्ता कुठे डावं कोपर माणसात आलंय.

१२ फेब्रुवारी
शाळेत खडूचा फळा होता तेव्हा बरं होतं. डोक्यातून खांद्यावर जे पडे ते खडूच्या नावावर खपे. मग मार्कर आले, आणि माझा खांदा तसाच पांढरा. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, घरी अजून खडूनेच लिहिता की काय?" हसलो. दुसरं काय करणार.
ऐन उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. मुलांना वाटतं, शिस्त.
कपाटात एक हाफ शर्ट आहे. निळा. बायकोने हौसेने आणलेला. घडी मोडलेली नाही.

३ मार्च, रविवार
गोळ्या आठवड्यातून एकदा, रविवारी. सहा. या गुरुवारी पुन्हा रक्त द्यायचंय. म्हणून आजच्या घेतल्या नाहीत – बेसिनमध्ये टाकल्या, नळ सोडला. पेशींना थोडी उसंत, मग परीक्षा.
जन्मभर कॉप्या पकडणारा माणूस! पर्यवेक्षक शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती.
"गोळ्या घेतल्यात का हो?"
"घेतल्या."

८ मार्च
पाच हजार दोनशे. पहिला वर्ग! डॉक्टरीणबाई खूश. "तुम्हाला छान सोसतंय की. पाठीवरचे चट्टे हटेनात, तर सहाच्या आठ करू."
कॉपी करून पास झालेल्याला वरच्या वर्गात बसवतात. हे मला ठाऊक नसावं?
खरं सांगायला तोंड उघडलं. म्हणालो, "बरं."

२१ मार्च
तोंड आलंय. दूधसुद्धा झोंबतं.
बायको म्हणाली, "जिभेला काय झालं?"
"चहाने भाजलं."
"तुम्ही? चहाचं सरबत करून पिणारे तुम्ही?"
विषय बदलला. पण पाठ साफ होतेय. तिनेच सांगितलं, बोट फिरवून. बोट लगेच उचललं नाही. आता कुठल्या तोंडाने फोन करू? आलेल्या?

२४ मार्च, रविवार
घेतल्या. आठही.

२७ मार्च
अंगात कसकस. व्याकरणाचा तास बसून घेतला. मुलं चकित – सर बसतात!
घरी थर्मामीटर सापडत नाही म्हणालो. तो माझ्याच उशीखाली होता. बायकोने कपाळाला हात लावला आणि मला न विचारता फोन लावला. पलीकडून एवढंच ऐकू आलं – "आत्ताच्या आत्ता घेऊन या."

२८ मार्च
नऊशे.
सगळं सांगून टाकलं. बेसिनसकट. डॉक्टरीणबाई ओरडतील असं वाटलं होतं. पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "शिकवता काय हो तुम्ही?" – "भाषा." – "मग वेळेवर बोलायला काय झालं होतं?"
गोळी बंद. कायमची.

३० मार्च
वेगळी खोली. भेटायला मनाई. इथला सदरा अर्ध्या बाह्यांचा. दोन्ही कोपरं लख्ख.
बायको काचेपलीकडे उभी होती. हात वर करून दाखवले. तिला वाटलं, मला काहीतरी हवंय. तिने नर्सला बोलावलं.