तुमच्या हाताची निब

बाबा, तुमच्या पेनाची निब मी घासली. हे आधीच सांगून टाकते, कारण लांबण लावलेलं तुम्हाला कधी आवडलं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं मला एकदाही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही फारसं वाटत नाही. पण तुमच्या मुलाला हे माहीत नाही. तो समजतो की पेन जसं तुम्ही ठेवून गेलात तसंच आहे.

मी हल्ली जुनी पेनं जमवते. भारीतली नव्हे, आम्ही शाळेत वापरायचो ती, ड्रॉपरने शाई भरायची, खिसा निळा करणारी. इथे नागपुरात, जरीपटक्यात एक म्हातारे दुकानदार आहेत, त्यांच्या स्टेशनरीच्या दुकानात वरच्या फळीवर अशा पेनांचे खोके धूळ खात पडलेले असतात. मी गेले की ते स्वतःच स्टूल ओढून देतात आणि म्हणतात, "ले जाओ दीदी, अब ये कौन भरता है." मी आणते, कोमट पाण्यात भिजवते, निब आणि तिच्याखालची जीभ वेगळी करते, फटीतून ब्लेडचं पातं फिरवून वाळलेली शाई काढते. निब खरखरत असेल तर सगळ्यात बारीक पॉलिश पेपरवर इंग्रजी आठाचा आकडा काढत राहायचं, वीस-पंचवीस वेळा, की ती लोण्यासारखी चालायला लागते. नागपूरचा उन्हाळा असा की मे महिन्यात दोन दिवस पेन पडून राहिलं तर शाई निबमध्येच आटते, तेव्हा रोज आलटून-पालटून सगळ्या पेनांनी लिहावं लागतं. रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्यात मी रेकॉर्ड सांभाळते तिथल्या पोरी विचारतात, "मॅडम, आज कोणत्या पेनाची पाळी?" त्यांना वाटतं मी फार हळवी बाई आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून पेन, हा तुमच्या शाळेचा नियम होता आणि घरचाही. तुम्ही कळमेश्वरच्या शाळेत मास्तर, अक्षर सुरेख म्हणून शाळा सोडल्याचे दाखले तुम्हीच लिहायचात, आणि शाळेत उजेड कमी म्हणून ते काम घरी आणायचात. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पाटावर बसून तुम्ही लिहिताय, आई पलीकडे भाकरी थापतेय. तुम्ही आधी अख्खा शब्द लिहिता आणि मग त्यावर एकाच दमात शिरोरेषा ओढता. उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक. तोंडाने अस्सल वऱ्हाडी बोलणारा माणूस इतकं पुस्तकी सरळ कसं लिहितो याचं मला नवल वाटायचं. मी दहा वर्षांची असताना एक दिवस तुम्ही दुसऱ्याच अक्षरावर थांबलात. निब उजेडात धरून पाहिलीत.

"माह्या पेनले कोणी हात लावला?"

आई म्हणाली, "कोण लावते तुमच्या पेनले. इथं कोणाले वेळ हाये."

"मी लावला," मी म्हटलं. "दोनच ओळी लिहिल्या."

"काहून?"

"तुमच्यासारखं अक्षर येते का पाहून राहिली होती."

मला वाटलं होतं तुम्ही हसाल, निदान वही तरी मागाल. तुम्ही निब पुसलीत आणि म्हणालात, "नाही येणार. हे निब माह्या हातानं झिजली हाये. दुसऱ्याचा चष्मा घालून वाचते काय कोणी?" आणि पुन्हा लिहायला लागलात. बस, एवढंच. मारलं असतं तर मी विसरून गेले असते. पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी पेन आणलंत, हिरव्या टोपणाचं, आणि सांगितलंत की वर्षभर दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं नाही, तेव्हा कुठे ते माझं होईल. मी दिलं नाही. ते माझं झालंही. पण अक्षर माझंच आलं, बारीक आणि उजवीकडे कललेलं.

धाकट्याला तुम्ही तेही आणलं नाही. तो माझ्याहून चार वर्षांनी मागे, तो पाचवीत गेला तोवर वर्गात सगळ्यांकडे रिफिलची पेनं आली होती. त्याने मागितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू निब मोडशीन. तुले बॉलपेनच बरा." तो हसला होता. तो प्रत्येक गोष्टीवर हसतो, अजूनही. आता बावन्न वर्षांचा आहे, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि कळमेश्वरचं घर आणि तुमचं पेन दोन्ही त्याच्याकडे आहे. तुमच्या स्मृतिदिनाला तो फोटोपुढे मेणबत्ती लावतो, पेनात शाई भरतो आणि वहीत एक ओळ लिहायचा प्रयत्न करतो. निब अडते, कागद ओरबाडते. "बाबा काही लिहू देत नाही," असं म्हणून तो हसतो आणि पेन धुऊन ठेवतो. दरवर्षी हेच.

गेल्या महिन्यात तो दवाखान्याच्या कँटीनमध्ये आला. रुमालात गुंडाळलेलं पेन माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, पेन गळून राहिला वं. शर्ट खराब झाला माहा. तेवढं पाहून दे. पण निबले हात नको लावजो. बाबाचा हात फक्त तिथंच उरला हाये."

"नाही लावत," मी म्हटलं.

गळती पेनाचे दोन भाग जोडणाऱ्या आट्यांमधून होती. ग्रीसचं एक बोट लावलं, दहा मिनिटांचं काम. मग चालतं का बघायला शाई भरली आणि लिहिलं. दुसऱ्याच अक्षरावर निब अडली. पॉलिश पेपर समोरच पडला होता, हात सवयीने गेला. आठाचे आकडे काढून झाल्यावर मी तुमचं नाव लिहिलं. गुळगुळीत उतरलं, उभ्या रेघा आणि आडव्या रेघा सारख्याच जाडीच्या, जरीपटक्याच्या खोक्यातल्या कुठल्याही पेनासारख्या. मी तो कागद उजेडात धरून पाहिला. काही वाटलं नाही. मग हात धुतले आणि कुकर लावला. तुम्ही गेलात तेव्हाही मी असंच केलं होतं. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज मीच भरला, खिडकीतला माणूस म्हणाला, अक्षर छान आहे हो तुमचं, आणि मी त्याला धन्यवाद दिले.

त्या रविवारी तो पेन न्यायला माझ्या घरी आला. मी त्याला पेन दिलं, वही दिली आणि चहा ठेवायला आत गेले. ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. निब अडण्याचा आवाज मला पाठ आहे, तो येत नव्हता. दूध उतू जाईल म्हणून मी गॅस बारीक केला.

"ताई, इकडं ये वं."

त्याने अख्खं पान भरलं होतं. स्वतःचं नाव, पोरांची नावं, कारखान्याचा पत्ता, सुचेल ते. त्याचं अक्षर अजून पाचवीतल्यासारखंच आहे.

"पाह्य, एकदाही अडला नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "निबले हात तं नाही लावला ना तू?"

"नाही."

"आईशपथ?"

"नाही म्हटलं ना. गळणं तेवढं थांबवलं."

त्याने वही पुन्हा जवळ ओढली आणि म्हणाला, "मंग बाबानंच लिहू देल्लं मले." आणि बाबा, तो रडला. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत, नाक ओढत, मोठा माणूस रडतो तसा ओशाळून. मी चहाचे कप घेऊन उभी होते. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं मनात आलं, पण दोन्ही हातांत कप होते. मी ते खाली ठेवले असते तर जमलं असतं. तो चहा पिऊन, पेन खिशाला लावून बसने गेला. घरी पोचल्यावर त्याने फोन केला की शर्ट कोरडा आहे.

हात सवयीने गेला असं मी लिहिलंय, ते खरं नाही. पेपर कपाटात होता. मी उठले, कपाट उघडलं, पेपर काढला. त्याने काय बजावलं होतं तेही मला आठवत होतं. ती निब दहाव्या वर्षी मला नाही म्हणाली आणि छप्पन्नाव्या वर्षीही नाहीच म्हणत होती, आणि मला राग आला. फार नाही, पण इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल काही वाटलं असेल तर तेवढंच. तुमचा हात त्या निबमधून जाईपर्यंत मी घासत राहिले.

हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं. पत्ता माहीत आहे, बसने तासाभराचा रस्ता आहे. त्याने पुन्हा विचारलं तर मी पुन्हा नाहीच म्हणणार आहे.